परक्या वार्ताहराचं काय ऐकायचं?

अमेरिकी सैन्यावर एखाद्या ब्रिटिश वर्तमानपत्रानं किंवा अरब वाहिनीनं टीका केली, की भारतातल्या माझ्या मित्रांमध्ये दोन तट पडतात. एका गटाला ती बातमी म्हणजेच पुरावा वाटतो. दुसरा गट म्हणतो, परक्यांना दुसरा उद्योग काय, ते आपल्याबद्दलही असंच लिहितात. पण १९३० साली धारासनाच्या मिठागरावर सत्याग्रहींची डोकी फुटली, ती बातमी जगभर नेणारा वेब मिलर अमेरिकी होता. त्याला परका म्हणून आपण कधी झिडकारलं नाही.

अमेरिकेत राहताना मला विल्फ्रेड बर्चेट पुन्हा पुन्हा आठवतो. सप्टेंबर १९४५मध्ये बहुतेक वार्ताहर ‘मिझुरी’ युद्धनौकेवर शरणागतीचा सोहळा बघायला गेले होते. हा ऑस्ट्रेलियन वार्ताहर मात्र परवानगी न घेता टोकियोहून आगगाडीनं एकटाच हिरोशिमाला पोहोचला. स्फोटात अंगावर ओरखडाही न उठलेली माणसं महिनाभरानं मरत होती. त्यांचे केस गळत होते, रक्तस्राव थांबत नव्हता. ५ सप्टेंबरला लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’नं हे छापलं. अमेरिकी अधिकाऱ्यांनी तो जपानी प्रचार ठरवला. १३ तारखेला ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं मथळा दिला, की हिरोशिमाच्या अवशेषांत किरणोत्सर्ग नाही. बर्चेट खरा ठरला, कारण तो रुग्णालयात जाऊन खाटेवरची माणसं बघून आला होता.

पुढे कोरियन युद्धात हाच बर्चेट कम्युनिस्टांच्या गोटातून लिहू लागला. अमेरिका रोगजंतूंचा मारा करते, हा आरोप त्यानं हिरिरीनं जगभर पोहोचवला. तो आजवर सिद्ध झालेला नाही. १९९८मध्ये उजेडात आलेल्या सोव्हिएत कागदपत्रांवरून तर तो बनावच दिसतो. माणूस तोच, परकेपणही तेच. म्हणून प्रत्येक बातमी स्वतंत्रपणे तपासावी लागते, आधीच्या पुण्याईवर ती खपवता येत नाही.

माझे एक शेजारी इराकमध्ये लढून आले आहेत. परदेशी पत्रांतली टीका त्यांना झोंबते. नाक्यावर समोरून गाडी भरधाव येते तेव्हा काय होतं, हे लंडनमध्ये बसून कळत नाही, असं ते म्हणतात. त्यांची ही भीती मी खोटी मानत नाही, आणि तिची दखल न घेणारं लेखन मला अपुरं वाटतं. पण त्या गाडीत कोण होतं, हेही कुणीतरी विचारायलाच हवं. सैन्य स्वतःहून ते क्वचितच विचारतं.

काबूलमध्ये २९ ऑगस्ट २०२१ला हेच झालं. अमेरिकी सैन्यानं एका गाडीवर केलेल्या ड्रोन हल्ल्यात १० नागरिक गेले, त्यांत ७ मुलं होती. सैन्यदलांच्या प्रमुखांनी तो हल्ला न्याय्य ठरवला होता. या वेळी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नंच कॅमेऱ्यांतली दृश्यं जुळवली, नातेवाईक आणि सहकाऱ्यांना गाठलं, आणि त्या गाडीत स्फोटकांऐवजी पाण्याची पिंपं असावीत हे दाखवून दिलं. १७ सप्टेंबरला पेंटागॉननं चूक कबूल केली. म्हणजे घरचं वर्तमानपत्रही हे करू शकतं, पण त्यासाठी अधिकाऱ्याच्या निवेदनापुढे जावं लागतं.

त्या हल्ल्याबद्दल एकाही सैनिकावर कारवाई झाली नाही. त्यावर फ्रान्समधून, कतारमधून, कुठूनही कोणी लिहिलं तरी मला ते वाचायचं आहे. त्या ड्रोनच्या खर्चात माझाही कर आहे.