म्हणे, बाळाला तोंडाने श्वास द्यायचा नाही!

घरात सात महिन्यांचं बाळ आहे म्हणून बहिणीने तो फॉरवर्ड छापून चक्क फ्रिजवर लावला. 'बाळाचा श्वास थांबला तर पाय धरून उलटं करा. तोंडाने श्वास देऊ नका, ती पद्धत जगभर रद्द झाली. छाती दोन बोटांनी हलकेच दाबा. शॉकचं मशीन मुलांना लावू नका.' खाली हात जोडलेले तीन इमोजी.

रद्द कुठे झाली? अफवेचं मूळ कळतं. मोठ्या माणसाचं हृदय एकाएकी थांबतं तेव्हा रक्तात थोडा प्राणवायू उरलेला असतो, म्हणून न शिकलेल्याने निदान छाती तरी दाबावी, असं सांगतात. एवढं खरं. मुलांचं बहुतेक वेळा उलटं असतं. घशात काही अडकतं, मूल बुडतं, न्यूमोनिया होतो. आधी श्वास जातो, मागून हृदय. तोवर रक्तातला प्राणवायू संपलेला. मग नुसतं दाबून फिरवायचं काय? अमेरिकन हार्ट असोसिएशनची 2025 ची मार्गदर्शक तत्त्वं काढून बघा: मुलांच्या सीपीआरमध्ये, म्हणजे श्वास-हृदय थांबल्यावर करायच्या प्रथमोपचारात, दाब आणि श्वास दोन्ही. एकटे असाल तर 30 दाबांना 2 श्वास, शिकलेले दोघं असतील तर 15 ला 2. तान्ह्याचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्यायचं, छाती जरा उचलेल इतकीच फुंकर. नाही उचलली तर डोकं नीट करून पुन्हा. श्वास जमतच नसेल तर दाब तरी थांबवू नका.

'दोन बोटांनी' हे अगदीच खोटं नाही, पूर्वी तसंच शिकवायचे. 2025 मध्ये ते काढलं, कारण दाब पुरेसा खोल जात नाही. आता दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी, किंवा एका तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने दाबायचं. पण खरा घातक शब्द आहे 'हलकेच'. छाती एक तृतीयांश, म्हणजे साधारण 4 सेंटीमीटर, आत गेली पाहिजे, मिनिटाला 100 ते 120 वेळा. बाळाच्या फासळ्या लवचीक असतात, सहसा मोडत नाहीत.

उलटं लटकवणं म्हणजे वेळ घालवणं. घशात अडकलंय आणि बाळ शुद्धीवर आहे, तर हातावर पालथं घेऊन डोकं खाली, पाठीवर 5 थापा, मग उताणं करून छातीवर 5 दाब. शुद्ध हरपली की सीपीआर. शॉकचं मशीन मुलांनाही चालतं. अंगाला चिकटवायचे त्याचे छोटे पॅड नसले तर मोठे, एक छातीवर, एक पाठीवर.

व्हिडिओ कॉलवर बहिणीने बाहुलीवर करून दाखवलं.

"एवढं जोरात?"

"आणखी."