टम्म फुगलेला फुलका आणि मी

हौस म्हणून फोटोग्राफी शिकणाऱ्याने फुलक्याच्या वाटेला जाऊ नये. लहान मूल निदान चार हाका मारल्यावर वळून बघतं. फुलका विस्तवावर टम्म फुगतो, सेकंद-दीड सेकंद तोऱ्यात राहतो आणि वाफ सोडून डब्यात जाऊन पडतो. सकाळचे पंधरा फुलके म्हणजे पंधरा संधी, हा हिशेब तोंडी छान वाटतो. प्रत्यक्षात पहिले तीन उजेड जुळवण्यात जातात, शेवटचे दोन घाईत उरकतात आणि मधला एखादा फुगतच नाही. तो का फुगला नाही, याचं खापर आमच्याकडे कॅमेऱ्यावर फुटतं.

सगळे सांगतात म्हणून मीही ५० एमएमची एफ/१.८ लेन्स घेतली. एमएमचा आकडा मोठा तितकं दृश्य जवळचं आणि अरुंद; एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं. स्वस्त, हलकी, कमी उजेडात कामाची. मात्र नवशिक्याच्या कॅमेऱ्यात उजेड टिपणारा सेन्सर बहुधा एपीएस-सी असतो, म्हणजे आकाराने लहान. त्यावर ही लेन्स ७५-८० एमएमसारखी वागते. उभी आई डोक्यापासून पायापर्यंत मावायची तर ११-१२ फूट मागे जावं लागतं. आमचं स्वयंपाकघर ८ बाय १०. अख्खी आई हवी असेल तर मला शेजाऱ्यांच्या हॉलमधून फोटो काढावा लागेल. फ्रीजला पाठ टेकून दीड मीटरवरून कॅमेरा उभा धरला, तर जेमतेम ७० सेंटिमीटर उंचीचा तुकडा मिळतो : हात, चिमटा, फुलका आणि अर्धी आई. खरं तर फोटोला तेवढंच पुरतं. फक्त फ्रीजला टेकलेल्या माणसाला घरात कुणी फार वेळ टेकू देत नाही.

मग उजेड. ओट्यावरच्या ट्यूबच्या नादी लागू नये. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला ते कळत नाही, १/५०० सेकंदच उघडणाऱ्या शटरला बरोबर कळतं. लागोपाठच्या पाच फोटोंत एक लख्ख, एक पिवळट, एक अंधारलेला. शटर १/१०० वर आणलं की ही कटकट मिटते, पण चिमटा धरलेला हात पुसल्यासारखा येतो. तेव्हा ट्यूब बंद आणि खिडकी उघडी. यावर आई म्हणते, "आणि मला दिसायला नको का, करपला की नाही ते?" मुद्दा बिनतोड आहे. म्हणून ऊन वर येईपर्यंत थांबायचं, म्हणजे जेवण उशिरा, म्हणजे बाबांची नाराजी.

खिडकी थेट आईच्या मागे आली तर कॅमेरा खिडकीच्या उजेडाला भुलतो आणि आईची नुसती सावली उरते. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवायचं, म्हणजे फोटोत उजेड दुप्पट घ्यायचा, किंवा त्याहून बरं म्हणजे आपणच बाजूला सरकून खिडकी आईच्या मागे तिरकी येईल असं बघायचं. पाठीमागे काळपट कपाट आलं तर वाफ अशी काही उजळते की फुलका गौण वाटावा.

खरी फजिती फोकसची. दीड मीटरवरून एफ/१.८ ला स्पष्ट दिसणारा पट्टा सहा सेंटिमीटरच्या आसपास, आणि फुलका चांगला वीतभर. अर्धाच शार्प यायचा. म्हणून छिद्र लहान करून एफ/४, म्हणजे पट्टा रुंद होतो; शटर १/२५०; आणि उजेड कमी पडू नये म्हणून आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १६००. फोटो थोडा रवाळ येतो, येऊ दे. ऑटोफोकसवर विसंबू नये. फुलका पांढरा, वर वाफ. कॅमेऱ्याला पकडायला कड सापडत नाही, मग तो मागच्या फळीवरच्या डब्यांवर जाऊन बसतो. यावर तोड अशी : शेगडीच्या जाळीच्या कडेवर फोकस घ्यायचा, लेन्सवरची कळ मॅन्युअलवर सरकवायची आणि जागचं हलायचं नाही. तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धवट भाजलेला फुलका आचेवर टाकला की कडेला पहिला फोड येतो. त्या फोडालाच बोट दाबायचं, सलग सात-आठ फ्रेम. पूर्ण फुगल्यावर दाबलं तर डब्यात पडतानाचा येतो.

सगळं जुळलेलं असतं. अकरावा फुलका आचेवर पडतो, कडेला फोड येतो, बोट दाबलं जातं. नेमके तेव्हा बाबा "जरा सरक, दही काढतो" म्हणत फ्रीजचं दार उघडतात आणि मी दोन वीत पुढे ढकलला जातो. फोकसही माझ्याबरोबर तेवढाच पुढे जातो.

संध्याकाळी फोटो मोठा करून आईला दाखवला. तिने चष्मा लावून निरखून पाहिलं.

"अगोबाई, हळदीच्या डब्याचं झाकण उघडंच राहिलं होतं की!"