‘केमिस्ट्रीची परीक्षा म्हणजे घोकंपट्टीची परीक्षा’ : एका दाव्याचा मुद्द्यांनिशी प्रतिवाद

एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. दावा थोडक्यात असा: केमिस्ट्रीच्या पायाभूत परीक्षा, मग जनरल असो वा ऑरगॅनिक, फक्त स्मरणशक्ती मोजतात. आवर्तसारणी घोका, रिअॅक्शनची यादी घोका, मोलची गणितं साच्यात घाला, उरलेल्या प्रश्नांवर तुक्का मारा. झालात पास. शिवाय आता सगळं फोनवर मिळतं, तर ही परीक्षा हवीच कशाला?

वाचणाऱ्याला हे पटकन पटतं, कारण बऱ्याच जणांनी हा विषय असाच कसाबसा पार पाडलेला असतो. पण घोकून पास होता येणं वेगळं आणि विषयच घोकंपट्टीचा असणं वेगळं. एकेक मुद्दा घेऊ.

‘आवर्तसारणी पाठ असली की अर्धं काम झालं’

कित्येक परीक्षांत ही सारणी प्रश्नपत्रिकेसोबत छापूनच देतात. पाहायचं असतं ते तुम्हाला ती वाचता येते का. ओळीत डावीकडून उजवीकडे गेलं की अणूतून इलेक्ट्रॉन काढणं सहसा जड होत जातं. मग नायट्रोजनमधून पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे सुमारे १४०२ किलोज्यूल लागतात आणि त्याच्या उजवीकडच्या ऑक्सिजनला १३१४च, हे कसं? नायट्रोजनच्या तीन पी-कक्षकांत (इलेक्ट्रॉन राहण्याच्या जागांत) एकेक इलेक्ट्रॉन असतो. ऑक्सिजनचा चौथा मात्र कुणाच्या तरी जोडीला बसतो, तिथलं प्रतिकर्षण वाढतं आणि तो तुलनेनं सहज सुटतो. आकडे प्रश्नातच दिलेले असतात, मार्क कारणाला असतात.

आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हनं १८७१ मध्ये अॅल्युमिनियमखालच्या रिकाम्या घरातल्या, तोवर कुणीच न पाहिलेल्या मूलद्रव्याची घनता सुमारे ५.९ असेल असं सांगून ठेवलं होतं. १८७५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ब्वाबोद्राँ यांना तेच मूलद्रव्य, म्हणजे गॅलियम, सापडलं आणि त्यांनी मोजलेली घनता भरली ४.७. मेंडेलीव्हनं कळवलं की नमुना शुद्ध नसणार. पुन्हा शुद्ध करून मोजलं तर ५.९! मूलद्रव्य हातात असलेल्या माणसाची चूक हातात फक्त सारणी असलेल्यानं काढली.

‘ऑरगॅनिक म्हणजे शेकडो रिअॅक्शनची यादी’

सगळ्यांत जास्त टाळ्या याच वाक्याला पडतात, म्हणून इथे जरा थांबू.

प्रोपीन आणि हायड्रोजन ब्रोमाइड घ्या. मार्कोव्हनिकोव्हचा नियम सांगतो की दुहेरी बंधातल्या ज्या कार्बनकडे हायड्रोजन आधीच जास्त, त्यालाच आणखी एक मिळतो. उत्तर २-ब्रोमोप्रोपेन. इथवर घोकणारा आणि समजून घेतलेला विद्यार्थी दोघंही बरोबर.

आता ३-मिथाइलब्यूट-१-ईन आणि हायड्रोजन क्लोराइड द्या. घोकणारा नियम लावून २-क्लोरो-३-मिथाइलब्यूटेन लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण प्रत्यक्षात २-क्लोरो-२-मिथाइलब्यूटेनही भरपूर मिळतं. कारण हायड्रोजन जोडला गेल्यावर धनभार ज्या कार्बनवर येतो, त्याच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन आपली इलेक्ट्रॉनजोडी घेऊन सरकतो. धनभार दुय्यम (दोन कार्बनांना जोडलेल्या) कार्बनवरून तृतीयक (तीन कार्बनांना जोडलेल्या) कार्बनवर जातो, जिथे तो अधिक स्थिर असतो, आणि क्लोराइड तिथे येऊन बसतं. नियमाचं नुसतं वाक्य पाठ असलेल्याला हे सुचायचं कारणच नाही. मधली धनभारित अवस्था डोळ्यांपुढे आणणाऱ्याला ते न सुचणं अवघड.

‘मग पेरॉक्साइड घातल्यावर उलटं होतं, तो अपवाद पाठच करावा लागतो ना?’ नाही. खराश आणि मेयो या रसायनशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये हेच दाखवलं. पेरॉक्साइड असलं की वाट बदलते. आधी ब्रोमीनचा अणू जोडला जातो, हायड्रोजन मागाहून येतो. मधली अवस्था जास्त स्थिर कुठे होईल हा प्रश्न तोच राहतो, फक्त पहिला येणारा बदलला म्हणून उत्पादन १-ब्रोमोप्रोपेन. याला अपवाद म्हणून वेगळ्या चौकटीत छापणारी गाइडं मला कधीच आवडली नाहीत.

पाठांतर अजिबात लागत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. क्रियात्मक गट (रेणूचा स्वभाव ठरवणारे अणूंचे गट) ओळखता आले पाहिजेत, नामकरणाचे नियम माहीत हवेत, काही अभिक्रियाकारक लक्षात ठेवावेच लागतात. पण थोड्या पाठांतरातून किती निघतं बघा. पीकेए किमती (आकडा जितका लहान, तितकं आम्ल तीव्र) ढोबळ लक्षात ठेवा: बेंझोइक आम्ल ४.२, कार्बोनिक आम्ल ६.४, फेनॉल १०. आता प्रश्न: ईथरमध्ये बेंझोइक आम्ल, फेनॉल आणि नॅप्थलीन एकत्र विरघळलेले आहेत, ते वेगळे करा. आधी सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाबरोबर हलवलं की बेंझोइक आम्ल क्षार होऊन पाण्यात उतरतं. फेनॉल तिथेच राहतं, कारण बायकार्बोनेट हा कार्बोनिक आम्लाचा क्षार, आणि फेनॉल त्या आम्लापेक्षा दुबळं आहे. मग सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की फेनॉलही खाली येतं. नॅप्थलीन आम्ल नाहीच, ते ईथरमध्ये राहतं. तीन आकड्यांवर आख्खी कृती उभी राहिली, आणि ही कृती कुणी पाठ करून आला असेल तरी फेनॉलच्या जागी पिक्रिक आम्ल टाकलं की कळतं कोण किती पाण्यात आहे. त्यावरच्या तीन नायट्रो गटांमुळे ते इतकं तीव्र होतं की बायकार्बोनेटलाच दाद देतं.

‘मोलची गणितं म्हणजे साच्यात आकडे घालणं’

या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते आतल्या लोकांनीच आधी दाखवून दिलं. नरेनबर्न आणि पिकरिंग या केमिस्ट्रीच्याच अभ्यासकांनी १९८७ मध्ये पाहिलं की वायूंच्या नियमांवरची आकडेमोड बरोबर करणारे पुष्कळ विद्यार्थी त्याच विषयावर कणांची चित्रं पुढे ठेवली की गडबडतात. म्हणजे नुसत्या आकडेमोडीची परीक्षा खरंच फसवी असू शकते.

पण यातून परीक्षा नको असं निघत नाही, प्रश्न बदला असं निघतं. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून जास्तीत जास्त किती पाणी होईल? बेरीज करून २० म्हणणारे निघतातच. बरोबर उत्तर १८ ग्रॅम, वर २ ग्रॅम हायड्रोजन शिल्लक. आता हेच रेणूंचं चित्र काढून दाखवायला सांगा: आधी हायड्रोजनचे चार रेणू आणि ऑक्सिजनचा एक, नंतर पाण्याचे दोन रेणू आणि बाजूला न वापरलेले हायड्रोजनचे दोन. साच्यातून १८ काढलेले बरेच जण इथे अडतात.

‘चार पर्याय असले की तुक्का चालतो’

बरोबर उत्तराला ४ आणि चुकीच्या उत्तराला उणे १ धरलं, तर डोळे मिटून १०० प्रश्न सोडवणाऱ्याला सरासरी ४०० पैकी २५ मार्क मिळतात. चालला तुक्का! पर्याय गाळत गाळत उत्तराशी पोचणं हा तुक्का नव्हे, कारण गाळायलाही काहीतरी माहीत असावं लागतं.

खरी मेख चुकीच्या पर्यायांत असते. पाणी चांगलं उकळतं आहे, त्यात येणाऱ्या बुडबुड्यांत काय आहे? हवा, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, की वाफ? ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’ हा पर्याय उगाच ठेवलेला नाही. उकळताना पाण्याचे रेणूच फुटतात असं मानणारे बरेच असतात आणि तो त्यांच्यासाठीच आहे. मलफर्ड आणि रॉबिन्सन यांची २००२ ची २२ प्रश्नांची चाचणी अशाच प्रचलित गैरसमजांवर बेतलेली आहे. ट्रेगस्ट यांनी १९८८ मध्ये मांडलेली दुपदरी पद्धत आणखी पुढची: आधी उत्तर निवडा, मग त्याचं कारण निवडा. आळसानं रचलेला पेपर तुक्क्याला वाव देतो हे कबूल, पण तो दोष पेपर काढणाऱ्याचा.

‘सगळं फोनवर मिळतं’

सूत्र मिळतं: पीएच म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीच्या लॉगरिदमची उणे किंमत. प्रश्न असा: पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल इतकं विरळ आहे की लिटरमागे मोलचा फक्त दहा कोटीवा भाग भरतो. पीएच किती? सूत्रात आकडा घातला की कॅल्क्युलेटर ८ दाखवतो, म्हणजे उदासीन पाण्याच्या ७ च्याही वर. आम्ल घालून पाणी आम्लारिधर्मी कसं काय झालं, ही शंका मात्र फोनला येत नाही, सोडवणाऱ्याला यावी लागते. शुद्ध पाण्यात मुळातच लिटरमागे मोलचा एक कोटीवा भाग हायड्रोजन आयन असतात, म्हणजे घातलेल्या आम्लाच्या दसपट. आम्लामुळे पाण्याचं स्वतःचं आयनीभवन किंचित मागे सरतं. दोन्ही धरून हिशोब केला की उत्तर ६.९८ येतं.