‘डुप्लिकेट शाई’ या आपल्या अभिप्रायास दुकानाच्या मालकाचे उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या आईंच्या पंच्याहत्तरीसाठी छापून दिलेल्या १२ बाय १८ इंची फोटोत त्यांची मोरपंखी पैठणी निळी दिसली, याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. तो फोटो हॉलच्या दाराशी लावायचा होता हे मला माहीत होते, त्यामुळे अधिकच वाईट वाटले.

मात्र आम्ही ‘कंपनीच्या शाईचे पैसे घेऊन डुप्लिकेट शाई वापरतो’ हे आपले वाक्य मला फार लागले. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचे लेबल लावून विकलेला माल. आमची शाई प्रिंटरच्या कंपनीची नाही हे खरे. पण ती तिच्या उत्पादकाच्याच नावाने येते, बाटल्या काउंटरवर सर्वांना दिसतात आणि आमच्या दोन्ही प्रिंटरवरील प्रिंटचे दर, या शाईच्या प्रिंटचे १८० रुपये व कंपनीच्या मूळ शाईच्या प्रिंटचे ३२० रुपये, फलकावर लिहिलेले आहेत. आपण १८० रुपये दिलेत; पावती आपल्याकडे असेलच. फिल्मच्या रोलच्या काळापासून दादरला बसलेल्या माणसाला हा शब्द ऐकावा लागेल असे वाटले नव्हते.

शाई बदलली की प्रिंटरसोबत आलेले रंगांचे प्रोफाइल, म्हणजे कोणता रंग किती शाईने छापायचा हे सांगणारी फाइल, चालत नाही, कारण ते कंपनीच्या शाईसाठी आणि ठरावीक कागदांसाठीच केलेले असते. म्हणून आम्ही प्रिंटरची रंगदुरुस्ती बंद ठेवून नऊशेहून अधिक रंगचौकोनांचा तक्ता छापतो, तो एक दिवस वाळू देतो आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या यंत्राने मोजून त्या शाई-कागदाच्या जोडीचे स्वतंत्र प्रोफाइल बाहेरून करून घेतो. हा खर्च कोणाच्याही बिलात दिसत नाही.

त्यातून मोरपंखी हा रंग मुळातच अवघड आहे. मोबाईलचा पडदा स्वतः उजेड टाकतो, कागद पडलेला उजेड फक्त परत करतो. पूर्ण ब्राइटनेसवरील फोनशेजारी कोणताही प्रिंट मंदच दिसणार. शिवाय आपण रात्री पावणेनऊला, शटर अर्धे खाली आलेले असताना आलात आणि ‘ओला प्रिंट कव्हरमध्ये घालू नका, या पावसाळी हवेत रंग बसायला सकाळ होईल’ असे सांगूनही तो तसाच प्लास्टिकमध्ये घालून नेलात.

त्याच आठवड्यात सायन (हिरवट निळ्या) शाईची नवी बाटली उघडली होती, दोन बॅचमध्ये थोडा फरक पडू शकतो आणि त्या बाटलीसाठी रंगचौकोनांचा नवा तक्ता तोवर छापलेला नव्हता, हेही नमूद करतो. यापुढे त्याकडे लक्ष देऊ.

फोटो विनामूल्य पुन्हा छापून देईन. मूळ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर न पाठवता पेनड्राइव्हमधून आणावी आणि शक्य असल्यास पैठणीही सोबत आणावी, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या ५००० केल्विनच्या दिव्याखाली रंग ताडून पाहता येईल. फक्त संध्याकाळी सातच्या आत यावे. सोमवारी दुकान बंद असते.