‘कोकणी माणसाला काम नको’ या विधानाचा प्रतिवाद

रत्नागिरी-चिपळूणच्या दुकानदार, हॉटेलचालक आणि लहान कारखानदारांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. स्थानिक तरुणांना कष्ट नकोत. येथे राहणे स्वस्त असल्यामुळे कमी पगार पुरतो. बायकांचे काम हलके, म्हणून त्यांची मजुरीही कमी. आणि आमचे दार सर्वांना उघडे असूनही कोणी येत नाही, असे त्यात म्हटलेले असते.

पहिले विधान इतिहासाला धरून नाही. १९८२च्या संपापर्यंत मुंबईच्या कापडगिरण्यांत पाळ्यांमध्ये राबलेल्या कामगारांत कोकणातून गेलेल्यांचा वाटा मोठा होता आणि त्यांच्या मनिऑर्डरींवर गावची घरे चालली. २००१ ते २०११ या काळात राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घटली. काम टाळायचे असते, तर इतक्या माणसांनी पोटासाठी गाव सोडले नसते.

स्वस्ताईबद्दल एवढेच सांगतो की, राज्यात किमान वेतन परिमंडळानुसार ठरते, म्हणजे मोठे शहर आणि लहान गाव यांतील फरक त्या दरात आधीच धरलेला असतो. त्याच कारणावरून त्याहूनही कमी देणे कायद्यात बसत नाही. कारखान्यात जादा वेळेच्या कामाचे पैसे दुप्पट दराने द्यावे लागतात. ‘दोन तास थांब, मग बघू’ हा हिशेब नव्हे.

बायकांच्या मजुरीचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. बर्फाच्या पाण्यात बोटे बधिर होईपर्यंत कोळंबी सोलणे किंवा चिकाने हात भाजत काजू सोलणे हलके आहे, असे ते काम दिवसभर केलेला कोणीही म्हणणार नाही. समान किंवा तत्सम कामाला समान मोबदला हे तत्त्व १९७६च्या कायद्यात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. पुरुषाला ‘ऑपरेटर’ आणि शेजारच्या बाईला ‘मदतनीस’ म्हटल्याने सुटका होत नाही, कारण कायदा पदाचे नाव नव्हे, तर कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी पाहतो.

राहिले उघडे दार. आपल्याकडे भरती बहुधा ओळखीने होते: मुकादम आपल्या वाडीतली माणसे आणतो. कोकणातील वाड्या जातवार वसलेल्या असल्यामुळे, मालकाच्या मनात भेदभाव नसला तरी बौद्धवाडीपर्यंत किंवा धनगरवाड्यापर्यंत बातमीच पोहोचत नाही. जागा, कामाचे तास आणि पगाराचा आकडा लिहिलेला कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर, एसटी स्थानकात आणि आयटीआयमध्ये लावायला खर्च येत नाही. ‘पगार योग्यतेनुसार’ असे लिहिले की दूरच्या गावातून भाडे खर्चून कोण येईल? मुलाखतीत मुलीला लग्न कधी करणार असे विचारणे आणि चालताना अडचण असलेल्या उमेदवाराला हिशेब येतो का हे न पाहताच परत पाठवणे, हेही दार बंद करणेच आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. जुलै २०२१च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, आणि कर्ज काढून पुन्हा उभ्या राहिलेल्या दुकानदाराला किमान वेतनापेक्षा फार जास्त देणे लगेच जमणार नाही. तरीही किमान वेतन वेळेवर देणे, पगाराची पावती लिहून देणे आणि गावची वस्तीची गाडी चुकणार नाही अशा वेळी बाईला सोडणे त्याला आजही शक्य आहे.