मुलांनीच तपासायचं, मग मास्तर कशाला?

सर, ज्या पोरांना स्वतःलाच इंग्रजी येत नाही त्यांनी गुगल डॉक्सवर एकमेकांचं लेखन बघायचं म्हणजे आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवायची, आणि मास्तरांनी अंग काढून घ्यायचं, असं तुम्ही निपाणीहून लिहिलंत. अंग काढण्याचं म्हणाल तर काम उलट वाढलंय. पूर्वी नुसते निबंध वाचायचो, आता त्यावरच्या पोरांच्या कमेंटीही वाचतो.

आंधळेपणाचं मात्र अर्धं खरं आहे. माझ्या पीयूच्या (कर्नाटकातली अकरावी-बारावी) वर्गात घरी मराठी बोलणारी आहेत तशी कन्नड बोलणारीही आहेत. दोन्ही भाषांत इंग्रजीतल्या ‘ए’, ‘द’सारखं काही नाही. त्यामुळे ‘द’ गळला तर लिहिणाऱ्याला दिसत नाही नि वाचणाऱ्यालाही नाही. म्हणून व्याकरण मी त्यांच्याकडे देतच नाही. पोरं गटानं मिळून एक फाइल लिहितात; दुसऱ्या गटाला ती उघडून देतो ती फक्त कमेंटपुरती, मजकुराला हात लावता येत नाही. कुठे अडलात, काय कळलं नाही, एवढंच विचारायचं. मराठीत विचारा नाहीतर कन्नडमध्ये.

एका गटानं कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, कसा करतात ते लिहिलं. मी बेळगावचा. गाळलेली पायरी वाचताना मनातच भरून घेतली असती आणि क्रियापदांवर लाल रेघा ओढून मोकळा झालो असतो. अथणीकडच्या एका मुलीनं विचारलं, ‘दूध पांढरं, साखर पांढरी, मग कुंदा तपकिरी कसा?’ झालं, गट पुन्हा लिहायला बसला. दूध आटवलं जातं, साखर घातली जाते, मंद आचेवर ढवळत राहावं लागतं... कर्मणी प्रयोगाची वाक्यं गरजेपोटी आली. चुकीची आली, पण आली. मग ती सुधारायला मी बसलो.

आणि फायदा विचारणाऱ्याचाही होतो बरं का. लंडस्ट्रॉम आणि बेकर यांनी 2009मध्ये अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास आहे. काहींनी फक्त दुसऱ्याच्या लेखनावर अभिप्राय द्यायचा, काहींनी फक्त मिळालेला अभिप्राय वापरायचा. स्वतःचं लेखन जास्त सुधारलं ते देणाऱ्यांचं, त्यातही इंग्रजी कच्चं असलेल्यांचं. चीनमधल्या एका विद्यापीठातल्या 2006च्या अभ्यासात मुलांनी शिक्षकांच्याच सूचना जास्त उचलल्या, हे तुमच्या बाजूचं. पण सोबत्याच्या सूचनांनी होणारे बदल आशयाचे जास्त होते, तेही त्याच अभ्यासात आहे.

एक हुशार पोरगा सगळं लिहितो आणि बाकीचे नाव लावतात, ही तुमची शंका रास्त. व्हर्जन हिस्ट्री, म्हणजे फाइलमधल्या बदलांची नोंद, उघडली की कुणी काय लिहिलं ते दिसतं. खानापूरकडची पोरं पावसात रेंज गेली की वहीत लिहून फोटो पाठवतात, तेवढं मात्र त्यात सापडत नाही.

मार्क कुणी द्यायचे म्हणून विचारलंत. ते मीच देतो. पोरांवर सोपवले तर गाववाल्याला दोन जास्तच पडतील.