सायबिणीला तेल घालू नका म्हणे!

गेले काही दिवस कॅथलिक बायकांबद्दल एक लांबलचक मेसेज फिरतोय. सहा मुद्दे आणि प्रत्येकापुढे तीन-तीन लाल उद्गारचिन्हं. एरवी असलं काही मी न वाचताच पुसून टाकते. पण हा माझ्या आत्यापर्यंत पोचला. आत्या डिचोलीची. लग्न होऊन म्हापशात आली तेव्हापासून तिथल्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, फेस्ताला (चर्चच्या जत्रेला) तेलाची बाटली घेऊन जाते. तिचा फोन आला, "यंदा जाऊ नको का गो? पाप लागतं म्हणून लिहिलंय." आता गप्प कसं बसायचं?

चर्चने मध्ययुगात नव्वद लाख बायका चेटकिणी म्हणून जाळल्या, इथून मेसेज सुरू होतो. हा आकडा कुठून आला ते ऐका. फोग्ट नावाच्या जर्मन लेखकाने १७८४ मध्ये क्वेडलिनबुर्ग या एका गावातले थोड्या वर्षांचे खटले घेतले, त्यांना अख्ख्या युरोपच्या लोकसंख्येने आणि अकरा शतकांनी गुणलं आणि उत्तर काढलं: ९४,४२,९९४. शेवटच्या चारापर्यंत नेमकं! आजचे इतिहासकार चाळीस ते साठ हजार म्हणतात. मेलेल्यांत पुरुषही होते, मारणाऱ्यांत प्रॉटेस्टंटही होते, आणि बहुतेक सगळं मध्ययुग सरल्यावर घडलं. चाळीस हजार काही थोडे नव्हेत. मग चाळीस हजारच लिहा ना.

पुढे म्हणे, संत बायका म्हणजे तोंड मिटून कोपऱ्यात बसलेल्या. सिएनाची कॅथरीन रंगाऱ्याची पोर, शाळेचं तोंड न पाहिलेली. तेव्हा पोप फ्रान्समधल्या आव्हिन्याँला राहत; १३७६ मध्ये ती तिथे गेली आणि पोप अकराव्या ग्रेगरीला रोमला परत चला म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी तो परतला. ही तोंड मिटलेली? बिंगेनची हिल्डेगार्ड तर बाराव्या शतकात औषधी वनस्पतींवर लिहीत होती. एवढं मात्र नाइलाजाने कबूल करते, की कॅथरीनला ‘चर्चची आचार्य’ म्हणायला चर्चला १९७० साल उजाडलं आणि हिल्डेगार्डला २०१२. वेदीवर मीस (चर्चची मुख्य उपासना) म्हणायला बाईला अजूनही मज्जाव आहे. मेसेजवाल्याने हे लिहिलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आई झालेली बाई संत होऊच शकत नाही, हा आणखी एक शोध. जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा मठ आहे. १६०६ मध्ये बांधायला घेतलेला, बायकांचा. मोनिका कोण? संत ऑगस्टीनची आई, भरकटलेल्या लेकासाठी वर्षानुवर्षं रडलेली. स्वीडनच्या संत ब्रिजेटला तर आठ मुलं होती. पुरे.

डोकं फिरलं ते पुढच्या ओळीवर. गोव्याच्या कॅथलिक बायकांनी धर्म बदलताच ‘आपलं’ सगळं राजीखुशीने टाकलं म्हणे! इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाचा, विषय निघाला की ही मंडळी त्यावर पुस्तक लिहिणाऱ्या अ. का. प्रियोळकरांचं नाव घेतात. त्याच प्रियोळकरांच्या पुस्तकात इन्क्विझिशनचा १७३६ चा हुकूम दिलाय, तो कधी वाचलाय का? लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, तुळस लावायची नाही, मिठाशिवाय भात शिजवायचा नाही, चोळी घालायची नाही. इन्क्विझिशन गोव्यात आलं १५६० मध्ये. पावणेदोनशे वर्षं उलटली तरी बायका हे सगळं करतच होत्या, म्हणून तर हुकूम काढावा लागला. जे कोणी करतच नाही त्याला बंदी कशाला घालतील? जुलूम झाला, त्यात वाद नाही. पण तो झाला याच बायकांवर, आणि त्याला पुरून उरल्या त्याही याच.

आमच्या शेजारच्या आंटींच्या नातीचं लग्न होतं, तेव्हा आदल्या दिवशी रोस होता. नवरीला बसवून बायका तिच्या डोक्यावरून नारळाचा रस ओतत होत्या. ऐंशी पार केलेल्या आंटी खुर्चीतून वोवयो, म्हणजे त्याच ओव्या, सांगत होत्या आणि एखादी सून ओळ चुकली की हात वर करून सगळ्यांना थांबवत, पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. नवरीच्या हातात मामाकडे भरलेला चुडा. माझी आजी तिथे असती तर तिने फक्त हळद कुठाय एवढंच विचारलं असतं.

आणि आत्याला घाबरवणारा मुद्दा: सायबीण आणि गावोगावच्या हिंदू देवी सख्ख्या बहिणी, ही सात बहिणींची गोष्ट चर्चने हिंदूंना ओढायला रचली, म्हणून सायबिणीला तेल घालू नका. अहो, चर्चच्या लेखी सायबीण म्हणजे येशूची आई मारिया. तिला शिरगावच्या लईराईची बहीण म्हणणं चर्चच्या शिकवणीत बसेल तरी का? ही गोष्ट आपल्या लोकांच्या तोंडची आहे. लईराई शिरगावात, केळबाई मुळगावात, महामाया मयेत, मोरजाई मोरजीत आणि म्हापशाची मिराबाई तीच मिलाग्रिस. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी सेंट जेरोम चर्चकडे या आणि रांगेत कुंकू लावलेल्या किती ते मोजा. आत्याला मी सांगितलं, आत्ये, तू घरी बसलीस तर बहिणी-बहिणींत तंटा लावल्याचं पाप लागेल ते वेगळंच.

उरलं काय, तर कॅथलिक मुलीला माहेरच्या मिळकतीत काही मिळत नाही, हे. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्यापासून गोव्यात मुलगा-मुलगी सारखेच वाटेकरी आहेत, हिंदूंच्या घरी आणि त्यांच्याही. मृत्युपत्र करूनसुद्धा बापाला अर्धीच मिळकत मनाप्रमाणे देता येते. मुलींचा वाटा जातो तो नोटरीपुढच्या हक्कसोडीत, आणि आत्याला हा मेसेज ज्याने पाठवला, त्याच्या तिन्ही बहिणींनी तशी सही करून दिलेली आहे.